तुझ्या चंचीतला मोबाईल

प्रिय आई,

धोंड्याचा महिना लागला गं! आणि यंदा जावयाला आवतण धाडायला तूच नाहीस. मी म्हटलं, चला, यंदा सुटका, पुरणाचा घाट नाही आणि वाणाची धावपळ नाही. पण शकूकाकू ऐकते होय? "शेजारीण मेली म्हनून जावई उपाशी ठिवायचा का?" असा निरोप आला. मग काल आम्ही दोघं गावाकडं जाऊन आलो. आणि येताना घाटात एक गंमत झाली. ती तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही, म्हणून सकाळीच कागद घेऊन बसलेय. पण ती शेवटी सांगीन. आधी तुझ्याशी थोडं भांडायचंय.

तुला अक्षर लागत नव्हतं हे मला ठाऊक आहे. मी नगरहून पत्र टाकलं की शकूकाकू ते ओट्यावर बसून मोठ्यानं वाचायची, आणि माझ्या घरात काय शिजलं ते दिवेलागणीपर्यंत साऱ्या आळीला कळायचं. आता तिथं तुझे कारभारी, आमचे अण्णा, आहेत तुझ्याजवळ. चौथी शिकलेल्या माणसाला एवढं वाचायला हरकत नाही. फक्त त्यांना म्हणावं, हळू वाचा, आणि मधेमधे आपल्या पदरचं घालू नका.

तर भांडण असं, की तुला जावयाचं काय ते कौतुक! नगरचे मंडपवाले बाळासाहेब तुझे जावई झाले, त्याला इतकी वर्षं झाली, पण तू कधी त्यांच्या तोंडाकडं बघून बोलली नाहीस. हे समोर बसलेत, हातात रिकामा कप आहे, आणि तू डोईवरचा पदर सारखा करत मला विचारणार, "मंदे, इचार जावईबापूंना, आनखी च्या घेनार का?" मग मी त्यांना विचारायचं, त्यांनी मला 'नको' म्हणायचं, आणि मी ते 'नको' तुझ्याकडं पोचवायचं. मी तुझी लेक का टपालखातं? एकदा मी मुद्दाम उलटा निरोप दिला, "आणखी दोन कप पाहिजेत म्हणतात." तू खरंच केलेस! आणि हे खरंच प्याले, कारण सासूनं पुढं केलेलं मागं कसं सारायचं!

लोक म्हणतात, जावई म्हणजे दहावा ग्रह. तुझ्या लेखी मात्र तो साक्षात नारायण. धोंड्याच्या महिन्यात तेहतीस अनारशांचं वाण त्याला द्यायचं, वर निरांजन ठेवायचं, आणि त्याच्या पाया पडायचं. ह्यांना इतका संकोच व्हायचा, की पाय पाटाखाली घ्यायला बघायचे. तू मला दटावायचीस, "मंदे, सांग त्यांला, पाय हालवू नका म्हनावं."

आणि अशा ह्या नारायणानं मागच्या गणपतीआधी मोबाईल घेतला!

आठवतो ना? काळा, विटेएवढा, वर शेंडी. नगरात तेव्हा मोजक्याच लोकांच्या हातात दिसायचा. शर्टाच्या खिशात ठेवला की खिसा खाली लोंबायचा आणि हे छाती पुढं काढून चालायचे. गौरी-गणपतीला घेऊन आलो तर सारी आळी बघायला! आपल्या गावात कुठली आली रेंज? तरी जो तो कानाला लावून बघायचा. शकूकाकूनं बराच वेळ लावून ठेवला आणि म्हणाली, "आत कुनीच न्हाई." तू मात्र दारातूनच बघितलंस आणि हळूच मला म्हणालीस, "मंदे, ह्ये डबडं मुकं हाय का?"

मुकं कसलं! इमामपूरचा घाट आला की त्याला वाचा फुटायची. गावाकडून नगरला येताना पांढऱ्या पुलापर्यंत अगदी गुमान. मग घाट चढायचा, आणि माथ्याजवळचं ते मोठं वळण आलं, की नगरची रेंज मिळायची. देवानं रेंज द्यायला जागाही काय निवडली बघ! एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला दरी, समोरून कांद्याचे ट्रक, आणि नेमका तिथंच फोन वाजायचा.

जरा पुढं जेऊर आहे, तिथं गाडी बाजूला लावून हवं तेवढं बोला ना! पण ह्यांना धीर कुठला? 'गिऱ्हाईक दुसऱ्या मंडपवाल्याकडं जाईल.' मग एक हात चाकावर, दुसऱ्या हातात फोन, आणि रेंज जाऊ नये म्हणून डोकं खिडकीबाहेर. गिअर बदलायचा झाला की फोन कान आणि खांदा यांच्या मधे दाबून धरायचा, मान वाकडी. आणि कहर म्हणजे, वळणावरच्या शेंदऱ्या म्हसोबाला नमस्कार चुकवायचा नाही! तेवढ्यापुरता उरलेला हातही चाकावरून सुटायचा. म्हसोबाच गाडी चालवत असेल तेव्हा, दुसरं कोण!

मी काय कमी सांगितलं? "अहो, ठेवा ना तो." "अहो, पुढं बघा." "एका मिनिटाचं काम आहे," हे ठरलेलं उत्तर. माझं 'अहो' म्हणजे भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक. ऐकू येते, पण ऐकतं कोण?

आणि तू? तू तर नगरच्या दर खेपेला मागच्या सीटवर बसायचीस, जावयाच्या शेजारी कसं बसायचं म्हणून. तुला सगळं दिसत होतं. पण सरळ बोलशील तर शपथ! लेकी बोले सुने लागे, तसा तुझा कारभार. फोन वाजला की तू मला म्हणायचीस, "मंदे, कानाचं काढ आन् फुडं बघ गं बाई." अगं, माझ्या कानात काय होतं? कुड्या! एकदा तू आरशाला टांगलेल्या गणपतीला म्हणालीस, "देवा, तुला चार हात हायेत, तुझं भागतंय. मान्साला दोनच दिल्यात तू." मला हसू आवरेना. हे फोन ठेवून विचारतात, "आई काय म्हणत होत्या?" मी म्हटलं, "गणपतीशी बोलत होत्या." "बरं बरं," म्हणाले आणि लागले पुढचा नंबर दाबायला.

आई, तू एकदा सरळ सांगितलं असतंस तर? मी चिडायचे तुझ्यावर. पण नाही. नारायणाला कसं बोलायचं!

मग तो भाऊबीजेनंतरचा दिवस आला. तू आमच्याबरोबर नगरला यायला निघाली होतीस, चार दिवस राहायला. व्हॅनमध्ये पुढं आम्ही दोघं, मागं तू, तुझी पिशवी आणि भोपळे. तू चंची सोडून पान लावत होतीस. ऊन छान होतं. घाट चढत आलो, वळण दिसायला लागलं, आणि वाजला फोन.

कुणी पाटील होते, मुलीच्या लग्नाचा मंडप हवा होता. ह्यांनी सवयीनं मान खिडकीबाहेर काढली. "हां, बोला पाटील! किती बाय कितीचा म्हणालात? जोरात बोला!" मी मांडीवरचा फराळाचा डबा घसरत होता तो धरत होते. पुढं मी बघत नव्हते, हे बघत नव्हते. गाडीत बघणारी एकटी तू.

वळणापलीकडं रस्ता भरून मेंढरं होती. दिवाळी झाली की मेंढरं, बिऱ्हाड घेऊन धनगरांचे वाडे निघतात ना, तसा एक वाडा निघालेला. पुढं मेंढरं, मागं घोडं. घोड्यावर सगळा संसार लादलेला, आणि त्या गाठोड्यांच्या वर वाकळेत बांधलेलं तान्हं पोर. लगाम धरून त्याची आई चाललेली.

"अरे बाळ्या! मुडद्या, फेक ते! फुडं बघ, लेकरू हाय!"

आई गं, काय तो आवाज! तो तुझाच आहे हे मला आधी कळलंच नाही. तुझा पदर डोक्यावरून खाली आलेला, पान खाली पडलेलं, आणि तू दोन सीटच्या मधून ओणवी होऊन ह्यांच्या खांद्यावर अशी थाप मारलीस, की त्यांच्या हातातला फोन उडून खिडकीबाहेर गेला. दोन्ही हात चाकावर आले, पाय ब्रेकवर आला. गाडी किंचाळत थांबली.

घोड्याची शेपटी आमच्या काचेला लागत होती. एवढंच अंतर राहिलं होतं गं. वरचं पोर झोपलेलं होतं, ते झोपलेलंच राहिलं. आजही कधी भांडी घासताना ती शेपटी माझ्या डोळ्यापुढं हलते. तू शब्द गिळला असतास, नेहमीसारखी गणपतीशी बोलत बसली असतीस, तर काय झालं असतं?

पण हसूही येतं, काय करू! फोन घरंगळत पुढं मेंढरांच्या पायांत गेलेला, आणि पाटील चिवट माणूस, त्यांनी पुन्हा लावला. मेंढरांच्या मधोमध तो ट्रिंग ट्रिंग वाजायला लागला. एक मेंढी त्याच्याकडं बघून 'बें' म्हणाली, तिचं ऐकून दुसरी, मग सगळा कळपच! त्या धनगरणीनं वाकून फोन उचलला, आमच्या खिडकीशी आणून ह्यांच्या हातात दिला. "घ्या तुमचं कोकरू," म्हणाली, "लई वरडतंय." मग घोड्याकडं बघून हळूच म्हणाली, "दादा, आमचंबी लेकरू वर हाय."

ह्यांनी तिला हात जोडले. दोन्ही.

मला वाटलं, झालं, संपलं, आता घरी जाऊ. मागं वळून बघते, तर तू तोंडावर पदर ओढून बसलेली! मला वाटलं घाबरलीस. पण तुझं दुखणं वेगळंच. पोर वाचलं, आपण वाचलो, त्याचं काहीच नाही. "जावयाला अरे म्हनाले! मुडद्या म्हनाले! हात लावला त्यांच्या अंगाला!" आणि तू दार सरकवून खाली उतरलीस की! "मंदे, सांग त्यांला, म्हातारीच्या जिभंला हाड न्हाई, माफ करा म्हनावं. मी जाते यष्टीनं."

भर घाटात माघारी चालायला लागलीस, पिशवीसुद्धा न घेता! आम्ही गाडी वळवून तुझ्यामागं. पांढऱ्या पुलापर्यंत हे खिडकीतून "आई, बसा ना, आई, ऐका ना" म्हणत हळूहळू गाडी चालवतायत, आणि तू रस्त्याच्या कडेनं मान खाली घालून तरातरा. पुलाजवळच्या चहाच्या टपरीवरची माणसं बघत होती, ह्या म्हातारीला कुणी पळवून नेतंय का काय! शेवटी नेवाशाकडं जाणारी एसटी आली आणि तू चढलीससुद्धा. मी पळत जाऊन पिशवी कशीबशी खिडकीतून आत कोंबली. चंची मात्र गाडीतच राहिली.

मग हे टपरीच्या बाकड्यावर बसले. चहा समोर निवत होता. मी मनातल्या मनात बोलणी तयार करत होते, आज सोडायचं नाही म्हणून. तेवढ्यात हे म्हणाले, "मला बाळ्या म्हणणारी एकच बाई होती. मी शाळेत असताना गेली. नंतर मामाकडं राहिलो, धंद्यात पडलो, सगळ्यांचा बाळासाहेब झालो. आज किती वर्षांनी कुणीतरी माझ्यावर ओरडलं." आणि डोळे पुसले गं त्यांनी, भर टपरीवर. माझी सगळी बोलणी जागच्या जागी विरली.

त्या बाकड्यावरून उठताना त्यांनी तुझी चंची उघडली. पानं, सुपारी, अडकित्ता माझ्या ओच्यात ओतला. मोबाईल बंदसुद्धा केला नाही, तसाच चंचीत घातला, दोरी ओढून गाठ मारली आणि माझ्या मांडीवर ठेवला. म्हणाले, "गाडी चालू असताना हा इथं. मी मागितला तरी द्यायचा नाही." मला वाटलं, स्मशानवैराग्य आहे, दोन दिवसांत उतरेल. नाही उतरलं!

पण इकडं तू रुसून बसलीस. म्हणजे तू त्याला रुसणं म्हणत नव्हतीस, लाज म्हणत होतीस. किती निरोप धाडले, "नगरला ये." शकूकाकूकडून उलट निरोप यायचा, "ती म्हन्ती, नारायनाला मुडद्या म्हनाले, आता त्याच्या उंबऱ्यावर कुठल्या तोंडानं पाय ठिऊ?" मला इतका राग आला होता तुझा! ज्या शब्दानं आम्ही जिवंत आहोत, त्याचीच लाज? आणि भीतीही वाटायची. तू हट्टी. तू खरंच कधीच आली नाहीस तर? वाचवलंस आणि हरवलीस, असं व्हायचं की काय?

हे मात्र निवांत. "रुसायचा हक्क जावयाचा असतो," म्हणाले, "आता मी रुसतो."

तो दिवस आठवला की मी अजून एकटी हसते. मार्गशीर्षात आम्ही गावी आलो. तू स्वयंपाकघरात दडलेली. ताट वाढलेलं, आणि हे अंगणातल्या बाजेवर बूट घालून बसलेले. "मी जेवणार नाही." झालं! जावई रुसला, जावई रुसला, म्हणत आळी गोळा झाली. शकूकाकू मध्यस्थ. "काय पाहिजे पाव्हनं? आंगठी?" नको. "घड्याळ?" नको. "मग काय शेत लिहून पाहिजे का?" हे म्हणाले, "आईंनी मला बाळ्या म्हणायचं. अरे म्हणायचं. तर जेवतो."

दाराआडून तुझा आवाज, "मंदे, असं कुठं असतंय व्हय!"

"असतं," हे तिथूनच म्हणाले. "तुम्ही मला नारायण मानता ना? मग आपण देवाला काय अहो म्हणतो? देवाला अरेच म्हणतो की! गणपतीला तर तुम्ही गाडीत दर खेपेला अरे-तुरे करत होता, मी ऐकत नव्हतो असं वाटलं का?"

आई, म्हणजे हा माणूस तेव्हा सगळं ऐकत होता बघ! लबाड!

बायका हसून हसून बेजार. शकूकाकू म्हणाली, "बरुबर हाय की गं! म्हसोबाला अरं म्हन्तीस, ह्यो काय म्हसोबाच्या वर हाय व्हय?" आतून नुसता भांड्यांचा आवाज. ताट झाकलं, उघडलं, पुन्हा झाकलं. आणि मग, भिंतीकडं तोंड करून, तू मला सांगितलंस, "मंदे, सांग बाळ्याला, पाय धुवून पाटावर बस म्हनावं. भाकरी गार झाली."

टपालखातं चालूच राहिलं, पण पत्ता बदलला! हे असे उठले, एक बूट बाजेखाली, एक तुळशीपाशी. त्या दिवशी किती भाकरी खाल्ल्या ते मी सांगत नाही, दृष्ट लागायची.

संक्रांतीला तू नगरला आलीस. आणि पुढच्या सीटवर बसलीस! मी मागं, भोपळ्यांबरोबर. चंची तुझ्या मांडीवर. मी तुला शिकवलं होतं, हिरवं दाबलं की बोलतं, तांबडं दाबलं की गप्प. घाटाच्या वळणावर वाजलाच तो. हे दोन्ही हात चाकावर ठेवून समोर बघतायत. तू सावकाश गाठ सोडलीस, फोन तोंडापुढं आरशासारखा धरलास आणि ओरडलीस, "कोन हाय? बाळ्या गाडी चालवतोय! जेऊरला गाडी उभी केली की तुम्हाला फोन करील. तवर जीव जातोय का तुमचा?" आणि तांबडं बटण. समोरचा माणूस कोण होता माहीत आहे? तेच पाटील! त्यांनी मंडप आम्हालाच दिला. म्हणाले, "ज्यांच्या घरी अशी म्हातारी आहे, त्यांचे खांब पडायचे नाहीत."

तू नगरात होतीस तोवर गाडीत असलीस की फोन तुझाच. गिऱ्हाईकं विचारायची, "आजी आहेत का? मग नंतर करतो." घाटाखालच्या कामावरून परतताना पांढऱ्या पुलावर, जिथं रेंज नाही, तिथं हे पिवळ्या एसटीडी बूथवरून फोन करायचे आणि तू बाकड्यावर बसून भेळ खायचीस. तिखट जास्त म्हणून भेळवाल्याला बोलायचीस, आणि पुन्हा तिखटच मागायचीस!

पण समोरासमोर, तोंडाकडं बघून, 'अरे बाळ्या' तू पुन्हा म्हणाली नाहीस. तू गावाला परत जायला एसटीत बसलीस तेव्हा हे म्हणाले होते, "आई, एकदा तरी." तू खिडकीतून मलाच सांगितलंस, "मंदे, धोंड्याला या म्हनावं. तवा बघू." केवढं हसत होतीस!

आणि फाल्गुनात गेलीस. दुपारचं जेवण झालं, पान लावलं, भिंतीला टेकलीस आणि डोळा लागला तो लागलाच. नवी चंची मांडीवर तशीच. शकूकाकू म्हणते, असं मरण भाग्यानं येतं. असेल. पण धोंडा तोंडावर आलेला, दोन महिने थांबली असतीस तर तुझं काय बिघडलं असतं गं? हे रोज वाट बघत होते. हे मी तुला माफ करणार नाही, सांगून ठेवते.

तर आता कालची गंमत. शकूकाकूनं पुरणाचे धोंडे केले होते, चांगले तुपात थबथबलेले. वाण देऊन ह्यांच्या पाया पडायला वाकली आणि कंबर धरून तिथंच बसली! हसण्यात दिवस गेला. येताना घाट चढलो. मी पुढच्या सीटवर, तुझी जुनी चंची माझ्या मांडीवर. वळण आलं आणि वाजला. हे समोर बघतच म्हणाले, अगदी सहज, "आई, बघा ना कोण आहे."

दोरीची गाठ मला सुटेना. सुटली तेव्हा हिरवं दाबलं. पलीकडून आवाज, "बाळासाहेब आहेत का? का आजी आहेत गाडीत?"

मी म्हटलं, "आहेत. गाडी चालू आहे, नंतर करा."

खोटं बोलले का गं मी? मला नाही वाटत. वळण झाल्यावर ह्यांनी दोन्ही हात चाकावर ठेवूनच म्हसोबाला मान लववली. मग आम्ही हसलो, आणि मग दोघांचेही डोळे भरून आले. म्हणून जेऊरला गाडी बाजूला घेतली आणि शांतपणे रडून घेतलं. गाडी चालवताना रडायचंही नाही, असं ठरलंय आता!

आई, तुला एक शब्द देते. लग्नापासून मी ह्यांचं नाव उखाण्याबाहेर तोंडानं घेतलेलं नाही. तूच शिकवलंस तसं. पण चालत्या गाडीत ह्यांचा हात कधी ह्या चंचीकडं आला, तर मी 'अहो' म्हणणार नाही. तुझ्यासारखी ओणवी होऊन, तुझ्याच आवाजात ओरडणार, "अरे बाळ्या! मुडद्या!" मग मागं सासर बसलेलं असो नाहीतर माहेर. आणि नंतर लाजून एसटीनं जाणार नाही, त्याच सीटवर बसून घरी येणार. एवढं मात्र मी तुझ्याहून पुढं जाणार.

हे खाली गाडीत बसून हॉर्न वाजवतायत, मंडप उतरवायला जायचंय. मी म्हटलं, आईला पत्र लिहितेय. तर म्हणतात, सहीखाली चार बोटं जागा ठेव. कागद गाडीच्या खिडकीतून देते त्यांच्या हातात.

तुझी,
मंदी

आई, गाडी बंद करून लिहितोय.
बाळ्या